सगळे जोड पक्के

"बोल काहीतरी," मिस्त्री म्हणाले.

"काय बोलू?" कपाटातून बायकोचा आवाज आला.

"काहीही. रोज बोलतेस तसं."

"रोज बोलते ते तुम्ही ऐकता कुठे?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या कानांवर हेडफोन होते, आणि तिच्या हसण्याच्या शेवटाला काहीतरी खरखरलं होतं. सुक्या पानावरून कुणी नख ओढावं तसं.

"थांब. जोड खराब आहे कुठेतरी."

झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट त्यांनी रिकामं केलं होतं. फळ्या काढल्या होत्या, तिन्ही बाजूंनी रजया लटकवल्या होत्या, मध्ये एक खुर्ची आणि तिच्यासमोर माइक. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून ही सोय. खाली सुताराचं दुकान होतं. दुपारी तो जेवायला गेला की करवत थांबे, आणि तेवढ्या वेळात यांचं काम चाले.

काम तिचं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर ती अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून द्यायला लागली. एक संस्था पुस्तकं पाठवायची आणि वाचलेलं घेऊन जायची. या खेपेला मालिश शिकणाऱ्यांचं पाठ्यपुस्तक होतं, हाडं आणि स्नायूंचं. परीक्षा जवळ आली होती, मुलं खोळंबली होती, आणि संस्थेतून दोनदा निरोप आला होता की बाईंचा आवाज हल्ली फार लहान येतो, जरा माइकचं बघा.

त्यांनी माइक बदलला. फरक पडला नाही. मग तिच्या धाकट्या भावाने, त्याचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता, एक प्रीअँप पाठवला. माइकमधून येणारा बारीक आवाज वाढवणारी पत्र्याची छोटी पेटी. तिच्यातून तो पुढे इंटरफेसमध्ये जायचा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून देणाऱ्या दुसऱ्या पेटीत. आवाज मोठा कसा करायचा, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. तो लहान का झाला, हे कुणी विचारलं नाही.

मिस्त्रींनी मेहुण्याला फोन लावला.

"खरखर? कशी खरखर, भाऊजी?"

"बारीक. शिवाय फुसफुस आहे मागे. ती मोठ्याने बोलली की फाटतं."

"प्रीअँपची वायर इंटरफेसला कुठे घातलीत? पुढे की मागे?"

"पुढे. माइकचं चित्र आहे तिथे."

"हात्तिच्या! भाऊजी, पुढचं भोक नुसत्या माइकसाठी असतं. ते स्वतःच आवाज वाढवतं. आधी प्रीअँपने वाढवला, वर त्याने वाढवला. फाटेल नाही तर काय! मागे 'लाइन' लिहिलंय, तिथे घाला. जन्मभर मोटारी बांधल्यात आणि दुहेरी जोर दिलात?"

"बरं बरं, अक्कल शिकवू नकोस," मिस्त्री म्हणाले, पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मोटर आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला, आणि ऐकायचं. पण खोलायची घाई करायची नाही. आधी प्लग, मग वायर, मग स्क्रू. गिऱ्हाईक 'मोटर गेली हो' म्हणून तोंड पाडून यायचं, आणि हे प्लगमधला सैल स्क्रू पिळून मोटर तशीच परत द्यायचे. त्या वेळचा गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना फार आवडे.

त्यांनी वायर मागे घातली.

"आता बोल."

"पायाच्या टाचेचं हाड हे तळपायातील सर्वांत मोठं हाड असून..."

फुसफुस गेली होती. फाटणं गेलं होतं. पाणी निवळावं तसं मागचं सगळं निवळलं होतं, आणि तळाशी जे होतं ते आता नीट ऐकू येत होतं. पान उलटलेलं, खुर्ची करकरलेली, तिने गिळलेला आवंढा. आणि ती खरखर. वाक्याच्या शेवटी तिचा स्वर खाली यायचा, तिथे ती वाट पाहत बसलेली असायची.

"झालं का ठीक?" तिने विचारलं.

"माइकची वायर बदलून बघतो."

त्यांनी माइकची वायर बदलली, दुसऱ्या पेटीकडे जाणारी बदलली. टेबल भिंतीपासून सरकवलं, प्लग दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये नेला. दर वेळी ती तेच टाचेचं हाड वाचत होती, आणि दर वेळी हेडफोन कानांवर चढवताना मिस्त्रींना वाटे, आता नसेल.

"अहो, त्या हाडाचा भुगा झाला आता. पुढचं वाचू का?"

"जरा दम धर."

"तुमचं मशीन बरं होईतो सुतार येईल. मग ऐका करवतीची खरखर."

शेवटी त्यांनी तिला चहा टाकायला पाठवलं आणि स्वतः कपाटात जाऊन बसले. अंधार होता. रजयांना तिच्या तेलाचा वास होता. माइकसमोर काय बोलावं ते त्यांना सुचेना.

"तांब्याची तार," ते म्हणाले. "बावीस गेज. नीट, पदराला पदर लावून."

बाहेर येऊन त्यांनी ऐकलं. त्यांचा स्वतःचा आवाज जाडाभरडा होता, कुणाला ऐकवू नये असा. पण स्वच्छ होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यात काही नव्हतं. त्यांनी परत ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले.

"काय झालं?" ती चहा घेऊन आली होती.

"काही नाही. प्रीअँपमध्येच असणार. उघडून बघतो उद्या."

"आज वाचायचं नाही?"

"आज नको."

दुसऱ्या दिवशी करवत थांबली तरी मिस्त्री पत्र्याची पेटी उघडून बसले होते. नाकावर चष्मा चढवून ते एकेक जोड काडीने हलवून पाहत होते. एकही हलत नव्हता. कारखान्यात कुणीतरी मन लावून डाग दिलेले होते, गोल, चकचकीत. त्यांनी डाग द्यायची सळई तापवली आणि त्यातला एक चांगला जोड वितळवला. परत डाग दिला. मग दुसरा.

ती दारात उभी होती. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही.

"तो सुटला होता का?" तिने विचारलं.

"सैल वाटला."

"चांगला होता. मला इथून दिसला." ती जवळ आली. "मला ऐकवा कालचं."

"अगं, तुला काय त्यातलं..."

"जन्म लाइनीवर गेलाय माझा. लावा."

त्यांनी पेटी बाजूला सारली. कालचं कॉम्प्युटरमध्ये होतंच. तिने हेडफोन घातले, पदराने कानांमागचे केस सारखे केले आणि डोळे मिटले. एक्स्चेंजमध्ये ती अशीच बसत असेल, असं त्यांच्या मनात आलं. पडद्यावर तिचा आवाज हिरव्या रेघेने वरखाली होत होता. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळत रेघेकडे पाहत राहिले. रेघ संपली.

"आता तुमचं लावा," ती म्हणाली.

"माझं?"

"काल कपाटात बसून काहीतरी पुटपुटलात ना? मी काय बहिरी आहे?"

त्यांनी लावलं. तिने ऐकलं. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसलीही. "बावीस गेज!" मग हेडफोन काढून तिने वायर नीट गुंडाळली.

"लाइन चांगली आहे," ती म्हणाली.

डागाचा धूर अजून खोलीत होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"थंडीत सर्दी झाली होती, तेव्हापासून घसा मोकळा झालाच नाही. हल्ली गिळताना टोचतं. एका बाजूला." तिने बोट गळ्याजवळ नेलं आणि न टेकवता खाली आणलं. "कानापर्यंत कळ जाते कधीकधी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"पुस्तक होऊ दे म्हटलं. डॉक्टर पहिलं काय सांगतील? बोलू नका."

"अगं पण..."

"नंतर काय सांगतील ते मला आत्ता ऐकायचं नाही." तिचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. ती थांबली, आवंढा गिळला. गिळताना तिचे डोळे बारीक झाले. आज पहिल्यांदाच मिस्त्रींना ते दिसलं. की रोजच होत होतं?

"उद्या सकाळी डॉक्टरकडे," ते म्हणाले. "पुस्तक गेलं खड्ड्यात. संस्थेला दुसरं कुणी मिळेल."

"उद्या जाऊ. तुम्ही न्याल तिथे येते, मग तर झालं? आजची दुपार मला द्या. पायाचं प्रकरण शेवटचं आहे, तेवढं अर्धवट नको. जोडा ती पेटी."

त्यांना नाही म्हणायचं होतं. ती तोवर कपाटात जाऊन बसली होती आणि पानं उलटल्याचा आवाज येत होता.

त्यांनी पेटीला पत्रा लावला, स्क्रू पिळले. माइकची वायर प्रीअँपला, प्रीअँपची मागे, लाइनला. सगळे जोड पक्के बसले. हेडफोन घालून त्यांनी हात वर केला.

ती वाचू लागली. टाच, घोटा, पायाची कमान, बोटांची लहान हाडं. नावं अवघड होती, पण एकही चुकली नाही. सुरुवातीला पेटीवरचे आवाजाचा जोर दाखवणारे हिरवे दिवे चांगले वरपर्यंत जात होते. दोन पानांनंतर ते खाली राहायला लागले. मिस्त्रींनी प्रीअँपचं बटण थोडं पुढे सरकवलं. दिवे वर आले, आणि त्यांच्याबरोबर खरखरही वर आली. पुढच्या पानावर दिवे पुन्हा खाली आले. त्यांनी पुन्हा सरकवलं.

खाली सुताराने कुलूप काढल्याचा आवाज झाला, लाकूड ओढल्याचा झाला, आणि करवत सुरू झाली. एरवी ती इथे वाचायची थांबली असती. आज थांबली नाही. मिस्त्रींनीही तिला थांबवलं नाही.

ती पावलाचा भार पेलणाऱ्या स्नायूंपाशी आली होती. आता शब्दांमध्ये हवाच जास्त होती. मिस्त्रींनी बटण सरकवायला बोट लावलं. ते पुढे जाईना. त्यांनी जरा जोर दिला. बटण शेवटाला टेकलं होतं.

त्यांनी बोट काढलं नाही. कपाटात ती पान उलटत होती.