टँकर पहाटेच आला

खोटं मी बोलले. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल की ही बाई स्वतःला धुतल्या तांदळासारखी समजते. टँकर आला नव्हता आणि मी आला म्हणून सांगितलं. पण त्या खोट्याचा भाव कुणी ठरवला आणि तो कुणी भरला, हे ऐका आणि मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाला.

आमच्या अक्तेरेक गावात पेट्रोलचा एकच पंप. दुसरा सत्तर किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावाला. तिथे लिटरमागे पंधरा-वीस तेंगे कमी मोजावे लागतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण जाऊन येईस्तोवर वाचलेलं सगळं इंजिनच पिऊन टाकतं. म्हणून आमच्या पंपावर जो भाव, तोच अक्तेरेकचा भाव. पटलं तर भरा, नाहीतर घोडा आहेच.

पंपावर मी एकटी. सकाळी टाकीत काठी घालून माप घ्यायचं, शिडीवर चढून पाटीवरचे पत्र्याचे आकडे बदलायचे, दिवसभर नळी धरायची आणि लोकांची बोलणी खायची. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि मिर्झा-आगांनी मला ही नोकरी दिली. पंप त्यांचा. कागदावर शहरातल्या कुठल्याशा कंपनीचं नाव आहे, आणि इथल्या रोजच्या कागदांवर सही माझी. पण पंप त्यांचा हे गावातली कुत्रीसुद्धा जाणतात.

मिर्झा-आगा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. आमच्यात सुनेनं सासरच्या थोरल्यांची नावं तोंडाने घ्यायची नसतात. घरात आली की तिनेच एकेकाला शोभेलसं दुसरं नाव ठेवायचं. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या ओंजळीत नोटा कोंबल्या, म्हणून मी त्यांना मिर्झा-आगा म्हणाले, म्हणजे दिलदार दादा. एकोणीस वर्षांची होते हो मी. त्या वयात काय कळतं, कपाळ!

जुलैत गवतकापणी सुरू झाली. त्या दिवसांत सगळं गाव माळावर, आणि एकूणएक गाडीला पेट्रोल हवं. अशाच एका सकाळी मिर्झा-आगांचा शहरातून फोन आला.

"पाटीवर दोनशे एकोणचाळीस कर."

आदल्या दिवशी दोनशे बारा होतं. मी म्हणाले, "आगा, टाकी अजून अर्ध्याच्या वर आहे. मागच्या आठवड्यातलाच माल आहे, जुन्या भावाचा."

"टाकीत काय आहे ते मी बघेन. तू पाटी बघ."

"लोक विचारतील."

"तिकडे तेलशुद्धीचा कारखाना दुरुस्तीला बंद आहे, डॉलर चढलाय, कापणीमुळे मागणी वाढलीय. एवढं समजावून सांगायला तू काय मास्तरीण आहेस? पहाटे नवा टँकर आला म्हणावं, संपलं."

कारखाना बंद होता, ते खरंच असेल. डॉलरही चढला असेल. पण आमच्या टाकीतल्या पेट्रोलला कुठे ठाऊक होतं डॉलर चढलाय म्हणून? आणि वसंतात जिल्ह्याला भाव उतरला होता, तेव्हा मीच फोन करून विचारलं होतं, आगा, आपला कधी उतरवायचा? तेव्हा म्हणाले, "महागाचा माल आधी संपू दे." चढताना टाकीतला माल नवा, उतरताना टाकीतला माल जुना! हे गणित मला तेव्हाच कळलं होतं. कळून मी शिडीवर चढले आणि आकडे टांगले. पगार तिथून येत होता.

पहिला आला दाउलेत. जिल्ह्याला माणसं ने-आण करणारा, लांबचा दीर माझा, तोंडाचा फाटका. धाकट्यांचं नाव घेतलं तर आजकाल कुणी काही म्हणत नाही.

"अगं वहिनी! एका रात्रीत सत्तावीस तेंगे? गाईला दूधसुद्धा एवढं चढत नाही!"

"पहाटे नवा टँकर आला," मी म्हणाले.

"पहाटे?" तो वळला आणि रस्त्यापलीकडे ओरडला, "अता, पहाटे टँकर गेला का हो इथून?"

पंपासमोरच्या बाकावर दुर्बीण-अता, म्हणजे दुर्बीणवाले आजोबा, बसलेले असतात. तेही माझ्या नात्याने सासरे, म्हणून हे नावही मीच ठेवलेलं. समोरच्या उतारावर त्यांचे घोडे चरतात आणि हे उजाडल्यापासून लष्करातली जुनी दुर्बीण डोळ्याला लावून बसतात. गावाला येणारा रस्ता एकच. त्यांच्या नजरेतून मांजर निसटणार नाही, तर टँकर काय निसटणार! शिवाय गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीचे प्रमुखही तेच.

दुर्बीण न काढताच ते म्हणाले, "नाही गेला. बुधवारपासून एकही नाही."

झालं. दुपारपर्यंत गावभर झालं की विधवा बाईने भाव स्वतःच चढवला, वरचे पैसे हिच्याच खिशात. कुणी म्हणालं, हिच्याकडे नवा फ्रिज आलाय. फ्रिज चार वर्षांचा होता हो! पण संशयाला काय, हवं ते खाऊन वाढतो तो.

मला त्याचं एवढं नव्हतं. मी तोंडाला तोंड देणारी बाई आहे. पण घरात अपा होत्या, माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडलेल्या, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. त्या आठवड्यात शेजारच्या घरी बारशाचं जेवण होतं. अपांनी सकाळीच पांढरा फडका डोक्याला बांधला, चांदीची काकणं घातली आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. वासावरून मांस शिजत आलेलं कळत होतं. शेजारच्या दारात चपलांचा ढीग वाढत गेला. बोलवायला कुणी आलं नाही. संध्याकाळी अपांनी काकणं काढली आणि रुमालात बांधून ठेवली.

"कुलाश," त्या मला म्हणाल्या, "मी मेल्यावरही असंच होईल का गं? मला उचलायला चार माणसं येतील ना?"

आमच्यात ज्या घराशी येणंजाणं तुटलं, त्या घरच्या मयतालाही पाय उचलत नाहीत लोक. माझं मला काहीही म्हणा, चोर म्हणा, लुटारू म्हणा. पण या म्हातारीने साठ वर्षं या गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला शेक दिला, प्रत्येक मढ्यावर रडली. ती माझ्यापायी एकटी मातीत जायची? छे!

चार दिवसांनी बैठकीचं बोलावणं आलं. निघताना अपांनी माझा हात धरला. "जे खरं ते सांग. पण थोरल्यांचं नाव घेऊ नकोस. तेवढं एक सांभाळ." आणि स्वतःही काठी टेकत माझ्यामागून आल्या.

गावच्या क्लबात बारा-पंधरा म्हातारे बसले होते, मागे तरणे पुरुष आणि दाराशी बाया. शाळेचे गुरुजी वही घेऊन लिहायला बसले होते. दुर्बीण-अतांनी भाकरी पुढे ठेवली. "या अन्नावर हात ठेव आणि बोल, पोरी. टँकर आला होता?"

मी हात ठेवला. "नाही."

"मग जुनाच माल नव्या भावाने विकलास?"

"विकला. आणि आला म्हणून खोटंही बोलले, त्याची माफी मागते. पण वरचा एक तेंगे माझ्याकडे नाही. माझा पगार तेवढाच आहे. भाव मी ठरवत नाही, फोनवर येतो."

"कोणाकडून?"

"मालकाकडून."

"मालक कोण?"

अहो, ज्याला ठाऊक नाही असा एक माणूस दाखवा त्या खोलीत! पण सगळे माझ्याच तोंडाकडे बघत बसले. मी म्हणाले, "मिर्झा-आगांकडून."

गुरुजींनी पेन थांबवलं. "टोपणनाव लिहिता येणार नाही, वहिनी. हा ठराव जिल्ह्याला जायचा आहे. खरं नाव हवं."

"तुम्हीच लिहा की, तुम्हाला ठाऊक आहे."

"मी आपल्या मनाने कसं लिहू?"

"बघा!" मागून दाउलेत ओरडला. "माणूसच नाही असा कुणी! कागदावर सही कुणाची? वहिनीची. खिसा कुणाचा? वहिनीचा!"

लोक हसले. मी अपांकडे पाहिलं. त्या मान हलवत होत्या, नको, नको. पण मला त्यांच्या रुमालातली काकणं दिसत होती. नाव नाही घेतलं तर चोर मी, आणि घर तुटलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खायचा? डोकं फिरलं माझं.

"साबितखान!" मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. "फोन साबितखान करतो. भाव साबितखान ठरवतो. टँकर आला म्हण, असं मला साबितखान म्हणाला. लिहा आता, गुरुजी!"

अपांनी पदरासारखा तो पांढरा फडका तोंडावर ओढला. दाराशी एक बाई पुटपुटली, "अगं बाई, नाव घेतलं हिने! आणि अरेतुरे!"

मला वाटलं, आता भडका उडेल. आता हे उठतील आणि म्हणतील, चला, करा फोन त्या साबितखानला. दुर्बीण-अतांनी दाढीवरून हात फिरवला. मशिदीवरचं पत्र्याचं छप्पर साबितखानने घातलं होतं. घोड्यांच्या शर्यतीतलं पहिलं बक्षीस, म्हणजे वासरू, दर वर्षी तोच देतो. अतांच्या नातवाला शहरात नोकरी त्यानेच लावली. हे सगळं त्या दाढीवरून फिरणाऱ्या हातात मला दिसत होतं.

"भावाचं काय," अता शेवटी म्हणाले, "भाव चढतो, उतरतो. बाजार आहे, आपल्याला त्यातलं काय कळतं? पण सुनेने भर सभेत थोरल्याचं नाव घ्यावं, हे या गावात माझ्या आयुष्यात झालं नाही. हे असंच सोडलं तर उद्या आमच्या सुना आम्हाला नावाने हाका मारतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी एकजूट मी भाव चढल्यावरसुद्धा पाहिली नव्हती. दंड ठरला, एक मेंढा. माझ्याच घरी कापायचा, मीच शिजवायचा, मिर्झा-आगांना बोलवायचं आणि सर्वांसमोर माफी मागायची. म्हणजे मन साफ, घराशी येणंजाणं पुन्हा सुरू. गुरुजींनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. पेट्रोलचं एक अक्षर वहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला आले. आमच्याकडे सात मेंढरं होती, त्यातला दांडगा मेंढा गेला. मिर्झा-आगा पांढऱ्या जीपमधून उतरले, अपांसाठी शाल, चहाची पेटी, मला "कशी आहेस पोरी" वगैरे, जणू काही झालंच नाही. मी मान खाली घालून माफी मागितली. अपा आतल्या खोलीच्या दाराशी बसल्या होत्या, काकणं घालून. मी ताट घेऊन जाताना त्यांनी मला थांबवलं आणि हळूच म्हणाल्या, "कुलाश, चपला बघ की गं दाराशी! सगळे आलेत." तोंड उजळलं होतं म्हातारीचं.

मानाच्या पाहुण्यापुढे मेंढ्याचं डोकं ठेवतात. ते अर्थातच मिर्झा-आगांपुढे गेलं. त्यांनी सुरीने कान कापला. कान घरातल्या पोराला द्यायचा असतो, मोठ्यांचं ऐकणारं व्हावं म्हणून. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "या घरात धाकटं कोण? सूनच की! घे, कुलाश. ऐकत जा. जीभ मात्र देत नाही हं तुला, ती आधीच पुष्कळ आहे!"

काय हसले सगळे! दाउलेतच्या तर नाकात रस्सा गेला. चाळीस वर्षांची बाई मी, हात पुढे करून उभी. अपा माझ्याकडे बघत होत्या, डोळ्यांनीच विनवत, खा गं बाई, खा. मी तो कान खाल्ला.

हात पुसताना मिर्झा-आगा म्हणाले, "बरं, उद्या पाटी बदल."

मी मुद्दाम मोठ्याने विचारलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून विचारलं. "किती करू, मिर्झा-आगा?"

"दोनशे पंचावन्न."

दुर्बीण-अतांची सुरी हाडावर थांबली. दाउलेत आगांच्या उजव्या हातालाच बसला होता. गुरुजी होते. ज्यांना ज्यांना मी चोर वाटत होते ते सगळे होते. अतांनी सुरी खाली ठेवली, दोन्ही तळवे वर केले आणि आशीर्वाद म्हणायला लागले, अन्नाला बरकत येवो, पाहुण्याला आयुष्य मिळो. "आमीन," सगळे म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. मीही फिरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीवरून उतरते न उतरते तोच दाउलेतची गाडी आली. त्याने पाटीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काय गं वहिनी, काल मेंढा गेला तो आज आमच्याकडून वसूल करतेस की काय?"

त्याच्या शर्टावर कालच्या रश्शाचा डाग होता. चेष्टा करत नव्हता तो. त्याला खरंच तसं मानून घ्यायचं होतं.

नळी काढून मी त्याच्या टाकीत घातली. "पहाटे नवा टँकर आला," मी म्हणाले.

दाउलेत सवयीने वळला आणि रस्त्यापलीकडे ओरडला, "अता, टँकर दिसला का हो पहाटे?"

अतांनी दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही. घोड्यांकडे बघतच म्हणाले,

"दिसला."