बटणाएवढं वर्तुळ

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी एक खिळा होता आणि त्या खिळ्यापायी त्या घरात रोज सकाळी कुरबूर व्हायची. खिळ्याला कागदाची एक लांब पट्टी लटकलेली असे आणि तिच्या बाजूला, दोऱ्याने बांधलेलं, कोटाचं एक मोठं बटण. घरातला धाकटा भाऊ, वय वर्षं एकेचाळीस, रोज उठून तोंड धुऊन यायचा, बटण पट्टीवर दाबून धरायचा, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून एक वर्तुळ काढायचा आणि मगच चहाला बसायचा. एखाद्या दिवशी ते वर्तुळ तो कोरं ठेवायचा, एखाद्या दिवशी अर्धं काळं करायचा, क्वचित पूर्ण. पट्टीवरचे रकाने लहान आणि बटण मोठं, त्यामुळे आजचं वर्तुळ नेहमी कालच्यावर थोडं चढलेलं असायचं, आणि पेन्सिल जिथे टेकायची तिथे कागदातून भिंतीवरही एक ठिपका उमटायचा.

थोरल्या भावाला हे अजिबात खपत नसे. भिंतीला नुकताच रंग दिलेला, आणि जेवायला बसलं की पहिली नजर जाणार ती त्या लक्तरावर. धाकट्याला मानसिक आजार होता. औषधं चालू होती, नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती. तो घरातली कामं मन लावून करायचा, पण थोरल्याच्या लेखी तो काहीच करत नव्हता. दिवसभरात याला एकच काम, तेही भिंत खराब करायचं, असं थोरला त्या सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटला. धाकट्याने वर्तुळ कोरं ठेवलं आणि दादाच्या कपात चहा ओतला. वहिनीने मात्र नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मंडळी, त्याला एकट्याला नावं ठेवू नका. असा एखादा भाऊ, बहीण, मावशी पुष्कळ घरांत असते, आणि पाहुण्यांनी तिची चौकशी केली की आपण घाईघाईने विषय बदलतो. या गृहस्थाची मजल थोडी पुढे गेली होती, इतकंच. ऑफिसात कुणी विचारलं तर भाऊ परदेशी नोकरीला असतो असं तो सांगायचा. त्या नोकरीत भावाला त्याने आतापर्यंत दोनदा बढतीही दिली होती.

थोरला सरकारी खात्यात अधिकारी होता. संशोधनासाठी अनुदान मागणाऱ्या संस्थांच्या फायली त्याच्या टेबलावरून पुढे जायच्या, किंवा तिथेच बसायच्या. ऑफिसात पाठीमागे त्याला कात्रीसाहेब म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. माणूस सचोटीचा, कुणाच्या चहाचाही मिंधा नाही. लोकांचा पैसा वाया जाऊ द्यायचा नाही हा त्याचा बाणा खराखुरा होता. पण त्याने आपली एक पद्धत बसवली होती. प्रत्येक संस्थेने झालेल्या कामाचा फोटो फाईलला जोडायचा. बियाण्यांचं संशोधन असेल तर पिकाचा, यंत्राचं असेल तर यंत्राचा. फोटोत काही दिसलं तर फाईल पुढे जायची, नाही दिसलं तर तो प्रकल्प म्हणजे खोगीरभरती.

त्या आठवड्यात त्याच्यासमोर मानसिक आरोग्य संशोधन केंद्राची फाईल आली. अठरा वर्षं चाललेला एक अभ्यास, त्याला आणखी पाच वर्षं अनुदान मिळावं अशी विनंती. सोबतच्या फोटोत पांढऱ्यावर काळे गोळे. कात्रीसाहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला, यांचं झेरॉक्सचं मशीन बिघडलेलं दिसतंय असं ठरवलं आणि शेरा लिहिला: फोटो अस्पष्ट, दिसण्याजोगं फलित नाही, मुदतवाढ देऊ नये, जुने कागद रद्दीत काढून जागा रिकामी करून घ्यावी. आता एवढंच उरलं होतं की काम बंद करण्याआधी नियमाप्रमाणे एकदा पाहणी करायची आणि फाईल वरिष्ठ बाईंच्या सहीला पाठवायची. पाहणीला तो दुसऱ्याच दिवशी निघाला.

केंद्र एका जुन्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. मोठे डॉक्टर रुग्ण तपासत होते, म्हणून साहेबांना सगळं दाखवायला नोंदणीबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, दोन बोटांवर वाळलेला डिंक. साहेबांनी आल्या आल्या यंत्रसामग्री कुठे आहे ते विचारलं. बाईंनी दोन टेलिफोन, डिंकाची बरणी आणि एक कात्री दाखवली. साहेबांना ती थट्टा वाटली, पण बाईंना त्यांचं टोपणनाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

मग त्यांनी एका दालनाचं दार उघडलं. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि प्रत्येक फळीवर कागदाच्या गुंडाळ्या. काही मुठीएवढ्या, काही भाताच्या पातेल्याएवढ्या. एक गुंडाळी म्हणजे एक माणूस, बाई म्हणाल्या. आठशेच्या वर माणसं. आजारी पडलेली, सावरलेली, पुन्हा पडलेली. रोज सकाळी उठल्यावर प्रत्येकाने एकच खूण करायची, रात्री झोप कशी लागली त्याची. नीट लागली तर कोरं वर्तुळ, मोडली तर अर्धं काळं, लागलीच नाही तर पूर्ण काळं. महिना संपला की पट्टी इथे आणून द्यायची. बाई ती आधीच्या पट्टीला चिकटवायच्या.

"आणि हेच अठरा वर्षं?" साहेबांनी विचारलं.

"हेच."

घरच्या खिळ्यावरची पट्टी साहेबांच्या डोक्यातही आली नाही; ते घरचं खूळ, हे ऑफिसचं काम. त्यांच्या ओठांवर रद्दी हा शब्द आला होता. तेवढ्यात बाईंनी वरच्या फळीवरून दोन्ही हातांनी एक जाडजूड गुंडाळी उतरवली. हे गृहस्थ आले की मला बरं वाटतं, त्या म्हणाल्या. यांनी पाहुण्यांना दाखवायची परवानगी दिली आहे, फक्त नाव विचारू नका. नावाच्या जागी चिठ्ठी चिकटवलेली होती. बाई बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये वाकल्या आणि त्यांनी गुंडाळी फरशीवरून सोडली. कागद सरसरत निघाला.

वर्तुळं एकमेकांवर चढलेली होती. साखळीसारखी.

साहेबांनी खाली वाकून पाहिलं. प्रत्येक गोल कोटाच्या बटणाएवढा, आणि पेन्सिल जिथे टेकली तिथे एक बारीकसा ठिपका. कुणाला ओळखू येणार नाही, पण ज्याने वर्षानुवर्षं त्या ठिपक्यांवरून भांडण काढलं त्याला ओळखू आल्याशिवाय कसं राहील?

"यांना आम्ही आपसांत साखळीवाले म्हणतो," बाई कौतुकाने सांगत होत्या. "अकरा वर्षं झाली. एक दिवस सुटलेला नाही, साहेब. एकसुद्धा!"

साहेबांनी बूट काढून ठेवले. का काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कागदाच्या कडेकडेने ते चालू लागले. नवी पट्टी बाहेरून चिकटवायची पद्धत होती, त्यामुळे चालताना ते मागे मागे जात होते. दर महिन्याच्या डोक्यावर महिना आणि साल लिहिलेलं. या वर्षीची वर्तुळं बहुतेक कोरी. गेल्या वर्षी मधेच चार अर्धी काळी, मग पुन्हा कोरी. कॉरिडॉर खिडकीपाशी संपला तेव्हा उणीपुरी चार वर्षं उलगडली होती आणि गुंडाळी अजून जाडच होती. बाईंनी पाहिलेला भाग गुंडाळून घेतला आणि पुढचा सोडला.

आई गेली तो महिना आला. नऊ काळी वर्तुळं. त्याच नऊ दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकाला पाणी कुणी दिलं होतं, आईचे कपडे घडी करून कुणी ठेवले होते, ते साहेबांना आता आठवलं. नऊ रात्री डोळा लागला नव्हता आणि एका अक्षराने तो बोलला नव्हता. फक्त इथे लिहून ठेवलं होतं.

आणखी मागे गेल्यावर ते एका ठिकाणी थबकले. तीन काळी वर्तुळं, दोन्ही बाजूंना कोरी. महिना त्यांच्या ओळखीचा होता. त्यांना बढती मिळाली होती, ऑफिसातली माणसं घरी जेवायला येणार होती, आणि त्यांनी धाकट्याला पाहुणे जाईपर्यंत खोलीतून बाहेर येऊ नकोस असं बजावलं होतं. भाऊ परदेशी होता ना! ते पाहुण्यांबरोबर हसत होते आणि भिंतीपलीकडे भाऊ बसून होता. त्यानंतर तीन रात्री त्याला झोप लागली नव्हती.

साहेबांना पुढे चालवेना. पण बाईंनी शेवटची दोन वर्षं उलगडली, म्हणजे सगळ्यात पहिली. तिथे सगळा कागद काळा होता. काळ्याला काळं लागलेलं, मैलभर काजळ सांडावं तसं, आणि त्या काळ्यातही प्रत्येक वर्तुळाची कड बटण लावून नीट काढलेली. ज्या माणसाला त्या दिवसांत अंथरुणातून उठणं जड होतं, तो रोज उठून भिंतीपर्यंत गेला होता. साहेबांनी आयुष्यात किती मोठमोठी धरणं, प्रयोगशाळा, यंत्रं पाहिली होती. कशापुढेही त्यांना इतकं लहान वाटलं नव्हतं.

बाईंना त्यांच्या मनातलं काय ठाऊक? त्या आपल्या समजावत होत्या. अशा आठशे गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की पुष्कळांच्या बाबतीत आजार उलटण्याआधी काही दिवस वर्तुळं काळवंडायला लागतात. माणसाला स्वतःला कळायच्या आधी कागदाला कळतं. आता अशी लक्षणं दिसली की इथून फोन जातो, औषध वेळेवर बदलता येतं. साखळीवाल्यांची गेल्या वर्षीची ती चार अर्धी वर्तुळं म्हणजे तसाच एक सावरलेला प्रसंग. पण हे सगळ्यांना लागू पडतं का, कुणाला पडत नाही, का पडत नाही, हे अजून पक्कं सांगता येत नाही. त्यासाठी आणखी वर्षं हवीत, आणि जुना कागद हवाच हवा.

साहेबांनी सवयीने शेवटचा मुद्दा काढला. आवाजात आता जोर नव्हता. हे सगळं खरं, पण यात सरकारने का पडावं? औषधाच्या कंपन्या आहेत, त्यांनी करावं.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"साहेब, गोळी विकता येते. वर्तुळ कोण विकणार? ज्यात कुणाचा फायदा नाही आणि सगळ्यांचं भलं आहे, ते काम आपण सगळ्यांनी मिळून नाही करायचं, तर कुणी करायचं? सरकार म्हणजे तरी दुसरं काय असतं?" मग त्या म्हणाल्या, "हाड मोडलं तर फोटोत दिसतं. मन मोडलं तर दिसत नाही, म्हणून ते मोडलेलंच नाही असं म्हणायचं का? ही माणसं अठरा वर्षं तेच दिसेल असं करून ठेवतायत."

साहेबांनी विचारलं की या गृहस्थांना यातून काय मिळतं. काही नाही, बाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्यांना त्यांची आई घेऊन आली होती. आता एकटेच येतात, पट्टी देतात, नवी घेतात, डिंक कमी असेल तर आणून देतात.

त्या संध्याकाळी थोरला घरी आला तेव्हा धाकटा टेबलाशी मटार सोलत बसला होता. थोरला समोर बसला आणि त्यानेही एक शेंग उचलली. वहिनी ओट्यापाशी थबकली, कारण हे नवीनच होतं. सोलता सोलता थोरल्याने आपण कुठे गेलो होतो आणि तिथे काय पाहिलं ते सगळं सांगितलं. त्या तीन वर्तुळांशी आल्यावर त्याने हातातली शेंग खाली ठेवली.

"चुकलो रे," तो म्हणाला.

"असू दे, दादा. पुढे कोरी आहेत ना?"

वहिनीला सगळं आधीपासून ठाऊक होतं. आई गेल्यावर कितीतरी महिने तीच त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत जात होती. मला का नाही सांगितलंस, असं थोरल्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

थोरल्याचा जीव आता वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. ज्या कामात आपला सख्खा भाऊ आहे त्या फाईलवर आपण शेरा लिहिणं सचोटीला धरून नव्हतं. तसं वरिष्ठांना लेखी कळवायला हवं होतं. आणि कळवायचं म्हणजे परदेशातल्या भावाला घरी आणायचं, सगळ्या ऑफिससमोर. त्याने धाकट्याला विचारलं, तुझं लिहू का? तू नको म्हणालास तर मी कारण न देता फाईल दुसऱ्याकडे सोपवीन.

धाकट्याने दाणे वाटीत सारले. "मला बरं वाटायला फार वेळ लागला, दादा. तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. पुढच्याला एवढा लागू नये म्हणून काढतो मी ते. लिही. नाव घालून लिही."

दुसऱ्या दिवशी कात्रीसाहेबांनी आपला जुना शेरा स्वतःच्या हाताने खोडला आणि खाली लिहिलं: या अभ्यासात माझा सख्खा भाऊ सहभागी आहे, तो माझ्याच घरी राहतो, त्यामुळे शिफारस करण्याचा अधिकार मी सोडत आहे. फोटो अस्पष्ट नव्हता, मला पाहता आला नाही. वरिष्ठांनी स्वतः जाऊन एक गुंडाळी उलगडून पाहावी, एवढीच विनंती.

वरिष्ठ बाई गेल्या. परत आल्या त्या फाईल घेऊन दार लावून बसल्या. अनुदान पाच वर्षांसाठी मंजूर झालं आणि कागद फळ्यांवरच राहिले. ऑफिसात दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा कारकून हळूच येऊन खुर्ची ओढून बसला. त्याला त्या केंद्राचा पत्ता हवा होता. मुलीसाठी, तो म्हणाला.

मंडळी, मनाचे आजार आपण लपवले म्हणून ते अज्ञात राहिले, आणि अज्ञात राहिले म्हणून आपल्याला त्यांची लाज वाटत राहिली. हा फास सोडवायचा तर घरात विचारपूस हवी आणि सरकारी तिजोरीत या शोधासाठी न चुकता ठेवलेला वाटा हवा. तो वाटा मागणं हे तुमचं आमचं काम आहे.

आणि त्या घराचं म्हणाल, तर केंद्राला आजारी नसलेल्या भावंडांच्या पट्ट्याही हव्या असतात, तुलनेसाठी. स्वयंपाकघरात आता दुसरा खिळा ठोकला आहे. पहिल्या सकाळी थोरला पेन्सिल घेऊन भिंतीसमोर उभा राहिला आणि नुसत्या हाताने काढलेलं त्याचं वर्तुळ वेडंवाकडं आलं. धाकट्याने ते पाहिलं, हसला आणि दोऱ्याचं बटण त्याच्या हातात दिलं.