शून्याची रेघ

मी एक जुना लाकडी कोनमापक आहे. सातवीच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी आहे. समोरच्या भिंतीवर तो पडदा आहे ना, त्याला बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला गणिताच्या बाईंच्या वडिलांनी घडवलं. ते सुतार. लेकीला नोकरी लागली म्हणून त्यांनी जाड फळी कापली, घासली, मागे मूठ बसवली. "शून्याची रेघ काठापासून बोटभर वर आखलीय गं," ते म्हणाले होते. "काठ झिजेल, शून्य झिजायचं नाही." पुढे सव्वीस वर्षं मी बाईंच्या हातात मिरवलो. मला फळ्यावर धरायला मुलांची झुंबड उडायची.

मग हा पडदा आला. त्यात इंटरनेटवरचे गणिताचे धडे, खेळ, सराव. कोन मोजायचा तर तिथला कोनमापक आपोआप अचूक जागी जाऊन बसणार! वर बरोबर उत्तराला तारा. पहिल्या बाकावरची टिंगी, आकड्यांना भिणारी बुटकी पोर, पूर्वी मधल्या सुट्टीत माझ्यावरचे आकडे बोटाने गिरवायची. तिने घरी मोबाईलवर सराव करून दोनशे तारे मिळवले आणि माझ्याकडे ढुंकून बघेना. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. कसलं काय! सहामाही सरली तरी नवलाई ओसरेना.

एकदा कागदावर, कंपासपेटीतला कोनमापक घेऊन चाचणी झाली. साठ अंशांचा कोन टिंगीने सत्तावन्न लिहिला. अर्ध्या वर्गाने सत्तावन्नच लिहिला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी जिरली पडद्याची!

पण टिंगी मुसमुसू लागली. "बाई, मला गणित येतच नाही. ते तारे खोटेच होते."

माझा आनंद कुठल्या कुठे पळाला. मला फक्त पडद्याची फजिती हवी होती हो, पोरीची नव्हे.

फळ्यावर तोच कोन आखून बाईंनी मला खिळ्यावरून काढलं. एवढी धूळ उडाली की त्यांना शिंकच आली. "धर याला," त्या म्हणाल्या. टिंगीने माझा काठ कोनाच्या खालच्या रेघेला टेकवला.

"आता शून्य कुठंय बघ."

"अय्या! ते तर वर आहे!"

"तुझ्या पेटीतल्या कोनमापकाचंही तसंच. पडद्यावर तो आपोआप बसतो, म्हणून तुला कधी बसवावाच लागला नाही. पण कोन वाचायला तूच शिकलीस ना? मग तारे खोटे कसे?"

टिंगीने मला बोटभर खाली सरकवलं. बरोबर साठ! बाईंनी मोबाईल काढला. "पुन्हा कर बघू. व्हिडिओ घेते. इतर शाळांतल्या बाई-सरांनाही उपयोगी पडेल."

पुढच्या आठवड्यात मी पडद्यावर झळकलो. पोरांनी टाळ्या पिटल्या, पण त्या पडद्यावरच्या मला. खिळ्यावरच्या माझ्याकडे कुणी वळलंही नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला माझाच हेवा वाटला!

तेवढ्यात टिंगी उठली आणि रुमालाने माझ्यावरची धूळ पुसू लागली.

तेव्हा बाळांनो, पडद्यावर खुशाल शिका. पण अधूनमधून आम्हालाही हातात घ्या, पुसा. धूळ साचली की शून्याची रेघ दिसत नाही.

पडद्याला मात्र त्या दिवशी कुणी पुसलं नाही. मी नीट बघितलंय.