दुसरा रकाना

गुणाबाईने आधी पंखा बंद केला. मग पलंगावर झोपवलेल्या सरावाच्या रबरी पुतळ्याच्या अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली घेतली आणि अंग पुसण्याआधी त्याच्या छातीवर कोरडा टॉवेल पसरला.

"पंखा का बंद केलात?" मितालीने विचारलं. तिच्या हातातल्या गुणांच्या कागदावर पंख्याचा उल्लेख नव्हता. मिताली नर्स होती आणि पनवेलच्या या परीक्षा केंद्रात परीक्षक म्हणून येत होती. गुणाबाईपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान.

"वल्या अंगाला वारा लागतो. म्हातारी माणसा सांगत नाय, गप ऱ्हातात."

मितालीने मान हलवली.

मस्कतला अकरा वर्षं गुणाबाईने एका अंथरुणाला खिळलेल्या बाईचं सगळं केलं होतं. त्याआधी ती पनवेलमधल्या एका दवाखान्यात आया होती. तिच्या गावची, गव्हाणची, मिठागरं बंद पडून नवरा काशिराम घरी बसला, तेव्हा ती मस्कतला गेली. मुलगी दिपिका त्या वेळी आठ वर्षांची होती. मागच्या दिवाळीत मस्कतची म्हातारी वारली. तिच्या मुलाने दुसरं घर बघून देतो म्हटलं, तरी गुणाबाई परत आली. येताना अनुभवाचं पत्र मागायचं मात्र तिला सुचलं नाही.

परदेशातून परतलेल्या कामगारांसाठी सरकारी योजना आहे, हे तिला ग्रामपंचायतीच्या फलकावरून कळलं. पत्र नसेल तर परीक्षा. पास झालं की प्रमाणपत्र, आणि इथेच घरोघरी रुग्णसेवा सुरू करायची असेल तर साहित्य आणि बँकेकडे शिफारस. गावातल्या तीन बायका तिच्याबरोबर काम करायला तयार होत्या. पहिल्या खेपेला संगणकावरच्या प्रश्नांत ती नापास झाली. दुसरी खेप शेवटची. महिनाभर ती रोज पहाटे उठून दिपिकाच्या फोनवर प्रश्न सोडवत होती. आज सकाळी ती संगणकावर पास झाली होती. आता हातांची परीक्षा.

तिने पुतळ्याचा गुडघा वाकवला, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली सरकवला.

"श्वै श्वै," ती पुटपुटली, आणि पुतळा कुशीवर वळला.

"काय म्हणालात?"

"हळूहळू. अरबीत. मस्कतच्या म्हातारीला मराठी येत नव्हती."

"पुतळ्याशी बोलायची गरज नाही, मावशी."

"न सांगता हात लावला का माणूस दचकता."

मितालीने कागदावर बराच वेळ लिहिलं, सही केली आणि तो कागद गुणाबाईच्या हातात दिला. "दीनानाथ सरांकडे जा. शेजारच्या खोलीत. पास झालात तुम्ही."

दीनानाथ अर्जांचं काम बघत असत. त्यांनी कागद पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "बसा, बसा. आता या प्रमाणपत्रावर तुम्हाला चांगलं घर मिळेल. मस्कतच हवं, की दुसरीकडे चालेल?"

"कुठं जायाचा?"

त्यांनी अर्ज तिच्याकडे वळवला. 'पुढे काय करू इच्छिता?' या प्रश्नाखाली दोन रकाने होते. 'येथेच स्वयंरोजगार' आणि 'पुन्हा परदेशी नोकरी'. दुसऱ्या रकान्यात निळ्या शाईची ठसठशीत खूण होती.

अर्ज घरी दिपिकाने भरला होता. गुणाबाईने शेवटच्या पानावर सही केली होती, तेवढीच.

"ही खूण माझी नाय."

"सही तर तुमची आहे."

"सही माझी हाय. खूण नाय."

दीनानाथांनी चष्मा काढला. "यादी आज वर जाते आहे, बाई. बदलायचं तर अख्खा अर्ज नवीन लागेल. तुम्ही घरी विचार करा, पुढच्या तुकडीत बघू."

"पुढची तुकडी कवा?"

"ते आत्ता कसं सांगणार?"

"मंग नवा फारम द्या. इथंच भरतंय."

"आठ पानं आहेत."

"द्या."

तिने बाकावर बसून एकेक अक्षर लिहिलं. पासपोर्टचा क्रमांक दोनदा तपासला. जेवणाची सुट्टी झाली, संपली. एका प्रश्नावर ती अडली तेव्हा डबा खाऊन परतणारी मिताली शेजारी बसली आणि तिने त्यातल्या शब्दाचा अर्थ सांगितला. पहिल्या रकान्यात खूण करताना गुणाबाईने पेन इतकं दाबलं की ती मागच्या पानावर उमटली.

साडेतीनला दीनानाथांनी अर्ज घेतला, चाळला आणि यादीतलं तिचं नाव खोडून दुसऱ्या यादीत लिहिलं.

"मावशी," मिताली दारापर्यंत आली. "खांदा कॉलनीत माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत. घरच्यांना दिवसा माणूस हवं आहे. जाल?"

"उद्यापासून जातंय."

गुणाबाई घरी पोचली तेव्हा काशिराम चुलीशी होता. अकरा वर्षं तोच रांधत होता आणि अजूनही उठून जागा देत नव्हता. दिपिका उंबऱ्यात वाचत बसली होती.

"पास?" तिने विचारलं.

"झाले." गुणाबाई तिच्यासमोर टेकली. "फारमवर ती परदेशाची खूण तू केलीस?"

"हो."

"बाबांनी सांगितला?"

"नाही. मला वाटलं, तुला जायचंच असेल."

"का वाटला?"

दिपिकाने पुस्तक मिटलं. "तिकडून फोन करायचीस तेव्हा किती हसायचीस तू. इथे आल्यापासून गप्पच असतेस."

मस्कतला दर शुक्रवारी गुणाबाई तोंड धुऊन, डोळे नीट पुसून, मगच फोन लावायची. कधी कधी दोनदा धुवायला लागायचं. हे ती कुणाला बोलली नव्हती, आणि आताही तिला बोलता आलं नाही. तिने फक्त पोरीच्या कपाळावरची बट मागे सारली.

काशिरामने कालवणातला डाव थांबवला. पाठमोराच त्याने विचारलं, "मंग, कवा जायाचा हाय?"

"उद्या. सकाळी आठला."

तो वळला. दिपिकाही बघत राहिली.

"खांदा कॉलनीत," गुणाबाई म्हणाली. "एक आजी हायेत. सहा वाजता सुटेन."

काशिराम पुन्हा कालवण ढवळायला लागला.

"माझा क्लास साडेपाचला संपतो," दिपिका म्हणाली. "मी तिथे येते. एकत्र येऊ घरी."

गुणाबाई फोनवरच्यासारखी हसली नाही.

"ये," ती म्हणाली.