आंब्रुशच्या बापाची धून

मित्रांनो, मी एक जुना गार्डोन आहे, सेलोसारखे दिसणारे वाद्य. ग्यीमेशच्या डोंगरात मेपलचे एकच खोड कोरून मला घडवले. माझ्या तारा गज फिरवून वाजवत नाहीत, त्या काठीने बडवतात! इग्नात्सकाका व्हायोलिन वाजवत आणि त्यांची बायको वेरोनकाकू मला. कौतुक व्हायोलिनचे होई, पण पाय थिरकत ते माझ्याच ठेक्यावर. याचा मला आजही अभिमान आहे.

आमची माणसे चांगो जमातीची. बोलतात हंगेरियन, राहतात रोमेनियात, आणि पोटात दोन घोट गेले की आपण मूळचे कोण यावर भांडतात.

रेगिनाच्या लग्नातही तेच झाले. नवरीचा बाप आंब्रुश छाती फुगवून म्हणाला, "आम्ही अस्सल हूणांचे वंशज!"

नवऱ्याचा बाप गेर्गेय खो खो हसला. "कसले हूण, व्याही? तुमचे पणजोबा पलटणीत जायला नको म्हणून रातोरात डोंगर चढले!"

"आणि तुमचे कोण? मोल्दोव्हाचे मेंढपाळच ना? उठ गं रेगिना! अशा घरात मुलगी द्यायची नाही मला."

रेगिना रडू लागली.

वेरोनकाकू इग्नात्सकाकांवर खेकसल्या, "अहो, बघत काय बसलात? आंब्रुशच्या बापाची धून घ्या!"

आमच्याकडे प्रत्येक घराण्याची आपली धून असते. ती वाजली आणि माणूस बसून राहिला, तर तो बापाचा अपमान. काकूंनी मला असे बडवले की माझे पोट दणाणले. आंब्रुश मुकाट उठला. आणि गेर्गेयही उठला!

"तू कशाला? ही माझ्या बापाची धून आहे!"

"वा रे वा! माझा बाप जन्मभर हिच्यावरच नाचला!"

आता धून कोणाची यावर दोघांची जुंपली, पण हात एकमेकांच्या खांद्यावर आणि पाय माझ्या ठेक्यात. रेगिना डोळे पुसत हसली आणि संध्याकाळी सासरी गेली.

आज काकू नाहीत. लग्नात कर्णे कोकलतात. मी रेगिनाच्या भिंतीवर टांगलेला आहे आणि तारा सैल पडल्या आहेत. पाहुणे येतात, मला न्याहाळतात आणि हे लोक मूळचे कुठले यावर तावातावाने बोलतात. फार वाईट वाटते.

मित्रांनो, खुशाल वाद घाला. पण आधी मला खाली उतरवा, नव्या तारा चढवा, काठी उचला. मग बघू या, कोण बसून राहतो ते!