कानपिळीची सायकल

लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असं त्याने बजावायचं आणि नवरदेवाने हसत हसत त्याच्या हातावर शर्ट-पँटचं कापड ठेवायचं, एवढाच तो विधी. मनीषाच्या लग्नात महेशने तो जरा जास्तच मनावर घेतला. चौदा वर्षांचा होता. आदल्या दिवशी हळदीच्या गडबडीत बहिणीने त्याला बाजूला घेऊन एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, ते त्याने भर मांडवात खणखणीत आवाजात म्हटलं.

"दाजी, ताई एम.एस्सी. झालीये. तिला नोकरी करू द्यायची. कबूल?"

"कबूल!" भारत म्हणाला.

"आणि मला गेअरची सायकल."

मांडवभर हशा पिकला. "कबूल रे बाबा, सगळं कबूल! आधी कान सोड."

महेशने कान सोडला. त्याला कापड मिळालं. दोन्ही कबुल्या मात्र मंडपवाल्याच्या बांबूंबरोबर टेम्पोत बसून गेल्या.

त्याला आता पाच वर्षं झाली होती. मनीषा पंचवटीत, दिंडोरी रोडला सासरी नांदत होती. खाली भारतचं खतं-औषधांचं दुकान, वर घर. मुलगी सृष्टी साडेतीन वर्षांची, बालवाडीत जाऊ लागली होती. भारत माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही, हात उचलणं नाही. तो कधी 'नाही' सुद्धा म्हणत नसे. नोकरीचा विषय निघाला की "बोलू की" म्हणायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. पहिल्या वर्षी मनीषाने हे 'बोलू की' मोजले होते. मग सोडून दिलं. प्रयोग कितीही वेळा केला तरी निष्कर्ष तोच येत होता.

त्या उन्हाळ्यात दिंडोरीच्या अलीकडच्या एका नव्या वायनरीतून तिला पत्र आलं. तिने गुपचूप अर्ज केला होता, सृष्टीला डॉक्टरकडे नेते सांगून मुलाखतही दिली होती. प्रयोगशाळेत जागा होती. द्राक्षरसातली साखर, आम्लता मोजायची, नोंदी ठेवायच्या. सोमवारी सकाळी दहापर्यंत हजर व्हावे, अन्यथा जागा दुसऱ्या उमेदवारास देण्यात येईल, असं पत्रात होतं.

"दारूच्या कारखान्यात?" सासू नवसाबाई म्हणाल्या. "गळ्यात माळ हाय माझ्या. लोक काय म्हणतील?"

"आत्याबाई, त्याच द्राक्षांवरची औषधं आपल्या दुकानातून जातात."

"औषध येगळं आन् दारू येगळी. सायन्स शिकली तरी एवढं कळंना का?"

भारत म्हणाला, "बोलू की."

मनीषाने माहेरी, मखमलाबादला फोन लावला. वडील गोटीराम गुलाबाच्या वाफ्यातून उठून आले, सगळं ऐकून घेतलं. "मी बोललो तर भांडण होईल, पोरी. म्हातारा माणूस बोलला की लोक धरून बसतात. कान महेशने धरला होता. त्यालाच पाठवतो. त्याचं जावईबापू ऐकतात."

फोन महेशने घेतला. "ताई, तू काळजीच करू नको. शनिवारी येतो. तोंडावर विचारतो, कबूल केलं होतं का नाही? बघतोच कसे नाही म्हणतात ते."

तिला बरं वाटलं. लहानपणी ती त्याला आपल्या लेडीज सायकलवर डबलसीट शाळेत सोडायची आणि तो कॅरिअरवर उलटा बसून मागून येणाऱ्या रिक्षांना वेडावून दाखवायचा. तोच आता सहा फूट झाला होता. रामशेजच्या पायथ्याला डोंगरातल्या सायकल शर्यती होत, त्यांत जुन्या दणकट सायकलवर तिसरा-चौथा येत होता.

शनिवारी तो आला, तो त्याच सायकलवर. घामाघूम. पाणी प्यायला, सृष्टीला खांद्यावर घेतलं, आणि बसायच्या आधीच म्हणाला, "दाजी, मला तुमच्याशी बोलायचंय. ताईच्या नोकरीचं."

मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाच वर्षांत त्या घरात हा विषय इतक्या सरळ कुणी काढला नव्हता.

"बोलू की," भारत हसला. "बोलायलाच पाहिजे. पण आधी चप्पल काढू नको. तुझी सायकल राहिलीय माझ्याकडे, कानपिळीची. रोज आठवण येते बघ, कान दुखतो. चल, आज घेऊनच टाकू."

"सायकल?" महेशने सृष्टीला खाली ठेवलं.

"ती कुठली म्हणत होतास मागे? दोन्ही चाकांना शॉकअपवाली."

"फुल सस्पेन्शन," महेश म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"तेच ते. मनीषा, तू पण चल. आम्हाला खतातलं कळतं, यंत्रातलं तुलाच."

गंगापूर रोडला सायकलींचं एक मोठं दुकान नवीनच निघालं होतं. काचेच्या आत सायकली दागिन्यांसारख्या टांगलेल्या. दुकानदार गोरापान, चष्मेवाला माणूस. महेशला पाहताच त्याने ओळखलं, गिऱ्हाईक ठरवूनच आलंय.

"ही बघा." त्याने पिवळीधमक सायकल पुढे ओढली. जाड नळ्या, सीटच्या खाली मनगटाएवढी लाल स्प्रिंग. "डबल शॉकअप, एकवीस गेअर. खड्ड्यात गेली तरी पोटातलं पाणी हलणार नाही."

"भारी दिसतीय," भारत म्हणाला. "हीच घेऊ. काय, मेव्हणे?"

महेशचा हात स्प्रिंगवरून फिरत होता. मनीषा पुढे झाली. तिने सीटवर दोन्ही तळवे ठेवले, शरीराचा भार टाकला आणि झटकन हात उचलले. सीट वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. ती ओठांतल्या ओठांत मोजत होती.

"पाच," ती म्हणाली.

"काय पाच?" दुकानदाराने विचारलं.

"पाच हेलकावे. यात नुसती स्प्रिंग आहे, तिला आवरणारं काही नाही. चढावर हा उभा राहून पायडल मारेल ना, तेव्हा प्रत्येक वेळी सायकल खाली बसेल आणि वर उसळेल. त्याचा जोर चाकाला जायच्या ऐवजी स्प्रिंगमध्ये जाईल. शिवाय जड आहे."

दुकानदाराने चष्मा वर सरकवला. मग कोपऱ्यातली एक राखाडी सायकल काढली. दिसायला साधी. सीटखाली स्प्रिंगच्या जागी बोटभर जाडीची काळी नळी. "मग ही दाबून बघा, मॅडम. नळीत हवा आणि तेल आहे. बाहेरच्या देशातली आहे. ही घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे वर्षातून एखादं."

मनीषाने दाबली. सीट खाली गेली, वर आली आणि थांबली. दुसऱ्यांदा हलली नाही.

"एक," ती म्हणाली. आणि तिला एक क्षण, कुठून कोण जाणे, निव्वळ आनंद झाला. एखादं सूत्र प्रयोगात जसंच्या तसं उतरलं की होतो तसा.

"मॅडम कुठल्या कंपनीत आहेत?" दुकानदाराने विचारलं.

"कंपनीत नाही, घरीच असते," भारत म्हणाला. "घरीच सगळे प्रयोग. भाजीत मीठ कमी की जास्त!"

दुकानदार हसला. महेशही हसला. मनीषाने तेवढं टिपलं.

भारतला त्याच्या खतांच्या दुकानातून फोन आला, कुणाची तरी फवारणी अडली होती, तो बोलत बोलत पायऱ्यांवर गेला. दुकानदार दुसऱ्या माणसाकडे वळला. मनीषा हळू आवाजात म्हणाली, "महेश, कधी बोलणार?"

"बोलतो ना, ताई. हे एकदा होऊ दे."

"परवा सोमवार आहे."

"आत्ता काढला तर सायकलसाठी अडून बसलोय असं वाटेल त्यांना. घेऊन झाली की मोकळेपणी बोलता येईल." तो राखाडी सायकलचे गेअर बोटाने वरखाली करत होता. टक, टक. "आणि ताई, दाजींचं अगदीच चूक आहे असंही नाही. सृष्टी लहान आहे अजून."

"हे तुला सकाळी मखमलाबादहून निघताना वाटत होतं?"

मान खाली घालून त्याने सायकल पुढे ढकलली, मागे ओढली. मग अगदी लहानपणीच्या आवाजात विचारलं, "ताई, खरं सांग. कोणती घेऊ?"

पिवळी घे, असं म्हणणं किती सोपं होतं. पिवळी भारतला आवडली होती आणि स्वस्तही होती. सहा महिन्यांत महेशला तिचा वीट आला असता, रामशेजच्या चढावर प्रत्येक पायडलला ती त्याच्याखाली उसळली असती आणि प्रत्येक उसळीला, कदाचित, त्याला बहीण आठवली असती. मनीषाच्या मनात हे सगळं एका क्षणात आलं. पण मोजलेलं पाच हे तिला एक म्हणता आलं नसतं. परीक्षेत शेजारणीने विचारलं तरी ती चुकीचं उत्तर सांगू शकत नसे, तशातलंच हे.

"राखाडी," ती म्हणाली. "हिच्यात तुझा जोर वाया जाणार नाही."

भारत आत आला. दुकानदाराने किंमत सांगितली, पिवळीच्या तिप्पट. महेशचा चेहरा उतरला. भारतने त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मनीषाकडे, मग पुन्हा महेशकडे. शेतकऱ्याला उधार द्यायचं की नाही हे ठरवताना तो असाच बघत असे.

"घेऊ," तो म्हणाला. "एकदाच घ्यायची तर चांगलीच. पण महेश, मग मांडवातलं आपलं सगळं फिटलं हं. पुन्हा कान धरायचा नाही."

"सगळं?" महेशने विचारलं.

"सगळं."

दुकानात कुठेतरी एक चाक हवेत फिरत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. महेशने बहिणीकडे बघितलं नाही. तो टायरच्या नक्षीत अडकलेला कागदाचा कपटा नखाने काढत होता. कपटा निघाला.

"हो, दाजी," तो म्हणाला.

दुकानदाराने महेशला वजन विचारलं, पंप लावून नळीतली हवा त्या वजनाला जुळवून दिली. "कॅरिअर मात्र बसत नाही हिला," त्याने बजावलं, "मागचा भाग हलता असतो ना. एकट्याचीच गाडी आहे ही."

परतताना भारत स्कूटरवर शीळ घालत होता. मागे बसलेल्या मनीषाला वाऱ्यात ती नीट ऐकू येत नव्हती. होळकर पुलावर तो मान वळवून म्हणाला, "बरं वाटलं ना? भावाचं मन राखलं. तू निवडलीस म्हणून एवढी घेतली, नाहीतर मी पिवळीवरच थांबलो असतो."

"हो," ती म्हणाली. ते खरंच होतं.

रविवारी दुपारी, सृष्टी झोपल्यावर, तिने पत्र लिहायला घेतलं. 'कौटुंबिक कारणास्तव' असं सुरुवातीला लिहिलं आणि खोडलं. तो कागद फाडून दुसरा घेतला. आपण हजर होऊ शकत नाही, जागा दुसऱ्या उमेदवारास द्यावी, एवढंच लिहिलं. कारण लिहिलं नाही. एकटीने बसमध्ये बसून दिंडोरीला जाणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते संध्याकाळी परत येणं, त्या जिन्यावरून वर येणं आणि रोज येत राहणं. त्यासाठी तिच्या बाजूचं एक माणूस त्या घरात एकदाच, पाच मिनिटं बोलायला हवं होतं.

सोमवारी आठच्या सुमाराला खालून घंटी वाजली. महेश नवी सायकल दाखवायला आला होता. नवसाबाईंनी खाली उतरून हँडलला हळद-कुंकू लावलं. भारत दुकानाचं शटर उघडत म्हणाला, "शोभतेय, मेव्हणे! आता पहिला नंबर आणा, नाहीतर कान मी पिळतो."

"ताई, काय सांगू तुला!" महेश तिच्याजवळ येऊन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "काल रामशेजला नेली. तू म्हणालीस तस्सं. चढाला जरासुद्धा उसळत नाही. दगडावरून गेलं तरी कळत नाही."

"आज कुणीकडे?"

"ठरलं नाही. लांब कुठेतरी."

"दिंडोरी रोडनेच जा मग." तिने पदराआडचं पाकीट काढून त्याच्यापुढे धरलं. "वायनरीच्या गेटवर एवढं दे. दहाच्या आत पोचायला पाहिजे."

"काय आहे यात?"

"मी येत नाही असं लिहिलंय. न कळवता राहिलं तर ते लोक वाट बघतील. बरं दिसत नाही."

महेश पाकिटाकडे बघत राहिला. मागे दुकानात भारत कुणाला तरी बुरशीनाशकाचं प्रमाण समजावून सांगत होता, लिटरला अमुक ग्रॅम, त्याहून जास्त नको. महेशने एकदा तिकडे बघितलं. तिथे जायला दहा पावलं पुरली असती.

"ताई..." तो म्हणाला.

ती थांबली. पूर्ण थांबली, श्वाससुद्धा धरून.

"दहाच्या आत ना?" त्याने पाकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि बटण लावलं. "नऊलाच पोचवतो. ही सायकल आहे, ताई. काळजी नको."

त्याने टांग टाकली. मार्केट यार्डाच्या आधी रस्त्याला गतिरोधक आहे, तिथपर्यंत तो तिला दिसत होता. सायकल त्यावरून गेली. सीट एकदा खाली बसली, वर आली. मनीषाने पुढचा हेलकावा येतो का म्हणून वाट पाहिली. आला नाही. पोरगं पाठ ताठ ठेवून, सगळा जोर चाकाला देत, सरळ निघून गेलं.