रंगारीकाकांचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. हाडामांसाचा नव्हे, धातूचा. पोटात एक बॅटरी आणि नखाएवढी मेमरी.

ती मेमरी एका इंजिनिअर ताईंनी रचली. त्यांचे साहेब म्हणत, "सगळंच साठवून ठेवू या की."

"जागा एवढीशी, साहेब. सगळं साठवलं तर ऐन पाऊल टाकताना हा शोधत बसेल."

म्हणून ताईंनी मला मोजकंच लक्षात ठेवायला शिकवलं: चालण्याचा वेग, जिन्यावर किती वाकायचं, कधी अडखळलो. नवी नोंद कोऱ्या जागी लिहायची आणि ती पुरी झाल्याशिवाय जुनी पुसायची नाही, हा त्यांचा दंडक. मध्येच वीज गेली तरी मी तो पाळतो का, हे तपासायला मी लिहीत असतानाच त्या बॅटरी उपसून काढत. एकदा नव्हे, तीनशे वेळा. "बॅटरीशी भांडण झालंय का?" असं सहकारी चिडवत. ताई हसत आणि पुन्हा उपसत.

मग मी एका रंगारीकाकांच्या कृत्रिम पायात बसलो. अपघातात पाय गेल्यापासून ते दोन वर्षं घरीच बसून होते. सुरुवातीला त्यांचा माझ्यावर काडीचा भरवसा नव्हता. भिंत धरून चालायचे. हळूहळू मला त्यांची चाल कळली, त्यांना माझी. ते कामावर जाऊ लागले, हाताखाली मदतीला त्यांच्या बायको, म्हणजे काकू.

एका दुपारी रंगाची बादली घेऊन ते जिना उतरत होते. माझ्या बॅटरीचं झाकण सैल राहिलं होतं. हिसका बसला आणि नोंद लिहिता लिहिता माझी वीज गेली. क्षणात परत आली, पण नवी नोंद अर्धवट होती. मी ती सोडली, जुनी उचलली आणि त्यांचा भार पडायच्या आत ताठ झालो. बादली गडगडत खाली गेली. काका कठडा धरून मटकन पायरीवर बसले.

काकू धावत आल्या. "अहो, लागलं का?"

"नाही गं. पण सगळा रंग सांडला."

"सांडू दे. तुम्ही नाही ना सांडलात," म्हणत त्या शेजारी बसल्या आणि त्यांना रडू फुटलं.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही जिने चढलो-उतरलो. आता काकांना नवा गुडघा मिळालाय. मला काढलं त्या दिवशी ताईंनी माझी मेमरी वाचली आणि त्या दुपारी काय घडलं ते काकांना सांगितलं. काकांनी मला हातात घेतलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटत होतं, कठड्यानं वाचवलं."

मित्रांनो, मी आता कपाटात आहे आणि समाधानात आहे. तुमच्या यंत्रांची झाकणं नीट लावत जा. आणि तुमच्यासाठी कुणी एखादं काम पुन्हा पुन्हा तपासत बसलं असेल, तर त्यांना घाई करू नका.